वाफोबाची जीभ

बंबात घालायचं पाणी वाफोबा आधी स्वतःच्या तोंडात घेई. तळहातावर घोटभर घ्यायचं, डोळे मिटायचे, जिभेवरून इकडून तिकडे फिरवायचं आणि पचकन थुंकून निकाल द्यायचा. "घाल." नाहीतर, "ओत मागं." तिसरा शब्द नाही. पाण्याचा गाडीवाला त्या घटकेला जेवढा भेदरलेला दिसे, तेवढा तो गोऱ्या डॉक्टरसाहेबापुढंही दिसत नसे.

गाठीच्या तापानं, म्हणजे प्लेगनं, कल्याण निम्मंअर्धं ओस पडलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर, खाडीच्या अंगाला, सरकारनं झावळ्यांच्या झापांची इस्पितळं उभारली होती. मी तिथं कंपौंडर. ठाण्याचा, चार इंग्रजी बुकं शिकलेला आणि त्या चार बुकांचा भलता माज असलेला. इस्पितळाच्या टोकाला एक उभा बंब होता. साहेब त्याला बॉयलर म्हणे. कुठल्याशा बंद गिरणीतून उचलून आणलेला, जागोजाग ठिगळं मारलेला. त्याची वाफ एका मोठ्या लोखंडी पेटीत सोडायची आणि रोग्यांचे कपडे, वाकळा, गोधड्या त्या पेटीत घालून रोगाचं विष मारायचं. हा बंब चालवणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा, नळ्या खरवडणारा, गळती बुजवणारा माणूस एकच. खरं नाव त्याला होतं, पण खंडोबा, म्हसोबा तसा हा वाफोबा, असं कुणीतरी गमतीनं म्हणालं आणि तेच चिकटलं.

जन्मानं तो कळव्याचा आगरी. बाप-आजा मिठागरात राबलेले, हा मात्र तरुणपणीच रेल्वेच्या इंजिनावर कोळसा ओढायला गेला आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिला. पण जीभ त्यानं मिठागरातलीच ठेवली होती. खाडीला उधाण आलं की आसपासच्या विहिरी मचूळ होत, ते आम्हांला दोन दिवसांनी कळे आणि त्याला पहिल्या घोटात. माझ्यापेक्षा तो वीसेक वर्षांनी मोठा असेल. मी त्याला बेलाशक अरेतुरे करी आणि तो मला भाऊसाहेब म्हणे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज लाज वाटते.

"एवढं काय रे पाण्याचं स्तोम?" असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, बंब आगीनं नाय मरत. पान्यानं मरतो." मग त्यानं मला समजावून सांगितलं. खारं पाणी उकळलं की मीठ आत राहतं. ते नळ्यांत धरतं, बारीक भोकं बुजवतं. आत पाणी किती आहे हे दाखवायला बंबाला बाहेरून एक काचेची नळी असते. तिचं तोंड बुजलं की आत खडखडाट असला तरी काच भरलेली दिसते, आणि कोरडा पत्रा आगीवर तापून फुटतो. "काच खोटं बोलंल," तो म्हणाला, "जीभ नाय बोलनार."

आणि बंब बंद पडला तर काय होईल, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. साहेबाचा हुकूमच होता तसा. वाफ नसेल त्या दिवशी रोग्याच्या घरून येईल ते कापड रॉकेल ओतून पेटवायचं. अहो, ज्या घरात बाईला एक लुगडं अंगावर आणि एक वलणीवर, तिथं हे जाळणं म्हणजे काय? म्हणून लोक माणूसच लपवत. भाताच्या कणगीमागं, माळ्यावर, गवताच्या गंजीत. ताप चढलेला माणूस तिथंच तडफडून मरे आणि जाता जाता घरातल्या चौघांना घेऊन जाई. वाफोबा आल्यावर हे हळूहळू थांबलं. तो रोग्याच्या मागून आलेल्या बायकांना सांगे, "मी हाय तवर कुनाचा फडका जलनार नाय. गाठोडा दे आनि उद्या ने." आणि दुसऱ्या दिवशी ते गाठोडं खरोखरच परत मिळे, गरम, कोरडं, घडी घातलेलं. ही बातमी वाडीवाडीतून गेली. माणसं रोगी घेऊन आपल्या पायांनी येऊ लागली. आमच्या औषधांनी किती वाचले ते देव जाणे, पण त्या परत मिळालेल्या लुगड्यांनी नक्की वाचले.

लिहितावाचता त्याला येत नव्हतं. गाठोडं कुणाचं हे तो कापडाच्या कोपऱ्याला मारलेल्या गाठींवरून ओळखी, आणि एकदाही चुकला नाही. एकदा एक सोवळ्यातल्या काकू तणतणत आल्या. त्यांचं कापड कुणाकुणाच्या कापडांबरोबर शिजवलं, असा त्यांचा सवाल. यजमान आत शेवटचे श्वास मोजत होते आणि बाई विटाळाची चौकशी करत होती. मला हसावं की रडावं कळेना. वाफोबा हात जोडून म्हणाला, "आईसाहेब, तुमचा पयला घातला, एकलाच. मंग बाकीच्यांचा." काकू निवळल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, "का रे थापाड्या, सकाळी एकच खेप झाली ना?" तो म्हणाला, "तिचा घो चाललाय, भाऊसाहेब. आनखी कशाला तिला त्रास?"

गाडीवाला एक नंबरचा आळशी. गोड पाणी दूरच्या तळ्यावरून आणायचं, तर हा खाडीकाठच्या विहिरीवर पिंपं भरून निम्म्या वाटेतून परत येई. वाफोबानं त्याला चारदा पकडलं. एकदा तर पिंप तिथंच लाथेनं आडवं केलं आणि म्हणाला, "आता तूच पी यो." गाडीवाल्यानं बैलाची शपथ घेतली, आईची घेतली. वाफोबा नुसता जीभ बाहेर काढून तिच्याकडं बोट दाखवत उभा राहिला. आम्ही पोट धरून हसलो. त्या झापांत हसायचे प्रसंग फार थोडे येत, म्हणून तो लक्षात राहिला.

आता माझ्या भागाचं सांगतो. टाळत आलोय, पण सांगतो.

इस्पितळातला एक झाडूवाला तापानं गेला. सकाळी काम करत होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. साहेबानं हुकूम काढला की यापुढं प्रत्येक नोकरानं दोन वेळा कार्बोलिकच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. पाणी तयार करायचं काम माझं. किती पाण्यात किती औषध, ते साहेबानं लिहून दिलं होतं. मी त्याहून कडक केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि मी घाबरलो की कडक होतो, ही माझी जुनी खोड. वाटलं, थोडं जास्त पडलं तर जास्तच गुण येईल.

बाकीचे लबाड. तोंडात घेतल्यासारखं करायचे आणि माझी पाठ वळली की थुंकायचे. वाफोबाला ती लबाडी जमली नाही. दुसऱ्याच दिवशी तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, यानं जीभ मरते. मना नको." मी म्हटलं, "सगळ्यांना हुकूम, तुला वेगळा का? मोठा आलाय जिभेचा!" तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मी त्याला माझ्यासमोर उभा केला, शंभरपर्यंत मोजलं आणि मग थुंकू दिलं. चौथ्या दिवशी तो अगदी काकुळतीला आला. "बंबाचं काम हाय वो माजं," म्हणाला. मी म्हणालो, "साहेबाला सांगू का? आजच्या आज घरी पाठवील. मग जाळ म्हणावं गाठोडी." त्यानंतर त्यानं विनवणं सोडलं. रोज दोन वेळा येऊन, तोंड भरून, माझे आकडे संपेपर्यंत उभा राही. माणूस कसा वठणीवर आणला, म्हणून मी खूश होतो.

आणि हे सगळं चालू असताना त्याच गुळण्यांनी माझ्या स्वतःच्या तोंडाला आठवडाभर भाताची चव लागत नव्हती. म्हणजे मला ठाऊक होतं. त्याची जीभ काय काम करते हेही ठाऊक होतं. दोन गोष्टी दोन हातांत धरून मी बसलो होतो आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

तो अजून पाणी चाखत होता. तळहात, मिटलेले डोळे, सगळं तसंच. पण आता "ओत मागं" ऐकू येईना. गाडीवाल्याला पहिले दोन दिवस नवल वाटलं असेल, मग तो विहिरीवरूनच पाणी आणू लागला. त्यात पौर्णिमेचं उधाण आलं.

भर दुपारची वेळ. आपापली गाठोडी न्यायला दहाबारा बायका बंबाजवळ सावलीला बसल्या होत्या. मी बाटल्या धूत होतो. बंबाचा पत्रा कडकड वाजला आणि वाफोबाचा आवाज आला, "उठा! पला! पला तिकडं!" वळून पाहिलं तर तो बायकांना हातानं ढकलत होता. त्या उठून धावल्या तसा तो उलट बंबाकडं गेला आणि लांब आकडीनं आतली आग बाहेर ओढू लागला. विस्तव जमिनीवर पसरला. निम्मीअधिक आग त्यानं काढली असेल, तेवढ्यात पत्रा फाटला. मोठा स्फोट झाला नाही. आग काढली होती म्हणूनच झाला नाही, असं पुढं पाहायला आलेल्या मिस्त्रीनं सांगितलं. नाहीतर बायका, मी, पहिली झाप, काहीच उरतं ना. फाटलेल्या जागेतून जी वाफ आली ती सगळी त्याच्या अंगावर आली.

छाती, दोन्ही हात, गळा. कातडी राहिली नव्हती. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून मी त्याला लावत होतो. मिस्त्रीनं काचेची नळी काढून आणली. तिचं तोंड मिठानं गच्च बसलं होतं. साहेबानं ती पाहिली आणि मला म्हणाला, याला विचार, खारं पाणी आत गेलं कसं?

मी विचारलं. वाफोबानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "सांगा सायबाला, मी उधान इसरलो."

कळव्याचा आगरी, आणि उधाण विसरला! शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. मी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं, शब्दन् शब्द. साहेबानं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

साहेब गेल्यावर मी त्याच्या उशाशी बसलो. म्हटलं, "वाफोबा, असं का सांगितलंस?" जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याशी हळू बोलत होतो. तो म्हणाला, "तुमाला घालवला तं दवा कोन देल? मी तं चाललोच." थोड्या वेळानं म्हणाला, "गाठोडी हायत पेटीत. बाहेर पन हायत. जालू देऊ नका."

त्याच संध्याकाळी रॉकेलचा डबा बाहेर आला होता. मी साहेबाच्या तंबूत गेलो आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढं आवाज चढवला. कापड जाळलंत तर उद्यापासून एक रोगी येणार नाही, सगळे परत कणगीमागं जातील. बंब दुरुस्त होईपर्यंत मी कापड उकळून देतो. साहेब म्हणाला, खळखळ उकळलंस तर हरकत नाही, पण भांडी आण कुठून तरी. आता असल्या कामाला भांडं कोण देणार? गावातला रंगारी घरदार टाकून पळाला होता. त्याच्या पडवीतल्या दोन काहिली मी उचलून आणल्या. दोन दिवस मी लाकडं सारत होतो, काठीनं गोधड्या ढवळत होतो. हात भाजले, फोड आले. काहिलींना निळीचा रंग बसलेला होता, तो काही निघेना. साऱ्या गावाचे कपडे निळसर झाले. एक लुगडं मी वाफोबाला नेऊन दाखवलं. बोलायला त्याला श्वास पुरत नव्हता. तरी म्हणाला, "निला तं निला. जलला नाय ना?"

"नाही जळलं. एकही नाही," मी म्हणालो. ते त्याला ऐकू गेलं असावं. त्याच दुपारी तो गेला. मी खूप रडलो, आणि माझं रडणं पाहून लोक म्हणाले, कंपौंडरसाहेबांचा जीव होता हो त्याच्यावर.

त्याचं धोतर, बंडी आणि घोंगडी उकळून, वाळवून मी कळव्याला घेऊन गेलो. घर मिठागराच्या बांधालगत. बायको बारीक, वाळलेली, कपाळ नुकतंच पुसलेलं. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं, बसायला फळी दिली. ती रडत नव्हती. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी म्हणाली, "आठवड्याआधी घरा आलं व्हतं, एक रोजाला. कालवन केला, तं म्हनं आलनी हाय. मी मीठ घातला. परत आलनी. तीनदा घातला, बाबा! पोरांच्या तोंडी जाईना येवढा खारा. मना वाटला, चिडवतान. मी लय भांडली. ते उपाशीच उठलं न होडीत जाऊन बसलं."

बाहेर आगरातली माणसं मीठ ओढत होती.

"तुमी दवावालं," ती म्हणाली. "अशी जीभ कशानं जाते वो?"

मी म्हणालो, "वयानं."