दत्तप्रसादांची दहा मिनिटं

दत्तप्रसाद इथे आखातात, झिंजमध्ये आमच्याच इमारतीत राहत. बोलणं हळू, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि लिफ्टची वाट बघतानाही बोटांचा भिंतीवर ताल. तरुणपणी कुडाळहून आले आणि जवळच्या झल्लाक गावातल्या एका हॉटेलात काँगो, म्हणजे तो उभा, हातांनी वाजवायचा ढोल, वाजवू लागले. लॅटिन सोलचा हेलकावा, फंकचा बेस आणि डिस्कोचा ठोका एकत्र आणणारे इथले पहिले तेच. लोक ताटावरून उठून नाचत. मुलगी मृणाली मात्र गावीच वाढली. बापाचं वादन तिने कधी ऐकलंच नव्हतं.

यंदा हॉटेलने बँड बंद केला, व्हिसा संपत आला. मृणाली त्यांना न्यायला आली, तेव्हा इथल्या मराठी मंडळाने सत्कार ठरवला. "दहा मिनिटं वाजवायला मिळतील ना?" एवढंच त्यांनी विचारलं. सुजलेल्या बोटांना तेल चोळून रोज सराव केला.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग अध्यक्ष गुरुप्रसाद बोलायला उठले ते बसेचनात. "माझ्या लग्नात मीसुद्धा डिस्को केला होता बरं का!" लोक हसले. मग प्रायोजक बोलले. दत्तप्रसाद मांडीवर नारळ घेऊन काँगोशेजारी बसून होते. शेवटी हॉल सांभाळणारा कमाल दारातून ओरडला, "यल्ला, चलो, खाना लगाओ, हॉल खाली करना है!"

"आणि काकांचं वाजवणं?" सूत्रसंचालन करणाऱ्या निवेदिताने विचारलं.

"अहो, लकी ड्रॉ राहिलाय!" गुरुप्रसाद म्हणाले. मग त्यांना सुचलं. "काका, असं करा. नंबर काढताना जरा ढडढड वाजवा. मजा येईल. तेवढीच तुमचीही कला होईल."

मला वाटलं, ते उठून जातील. त्यांनी मृणालीकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत मोबाईल समोर धरून बसली होती. त्यांनी नारळ खाली ठेवला.

मिक्सरला ढडढड. इस्त्रीला ढडढड. टीव्हीच्या वेळी हात हळूच आपल्या जुन्या चालीवर वळले. मागच्या रांगेत कुणीतरी मान डोलावली. तोच गुरुप्रसादांनी काँगोच्या कातड्यावर पंजा ठेवला.

"बस बस, काका! नंबर ऐकू येत नाही."

गाडीत बसताना मृणाली म्हणाली, "बाबानू, मस्त वाजवलात! सगळा रेकॉर्ड केलंय. गावाक आयेक धाडलंय पण."

दत्तप्रसाद बोटं शालीत गुंडाळत म्हणाले, "बरा केलंस."