वजन उतरत होतं तेव्हा

वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. अंगठ्याला चप्पल लागली होती, एवढंच निमित्त. जखम भरेना, काळी पडत वर सरकायला लागली. त्यांना मधुमेह होता आणि इन्सुलिनची सुई घ्यायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. "सुई लागली की माणूस संपला," असं ते म्हणायचे. पाय गेल्यावर दीड वर्ष जगले.

त्यामुळे छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितलं, "तुमच्या लघवीत साखर आहे," तेव्हा मी आधी खाली माझ्या पायांकडे बघितलं.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकरोडला प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. वजन ब्याण्णव किलो. कवायतीच्या तासाला मुलं उन्हात हातपाय हलवायची आणि मी लिंबाखाली खुर्ची टाकून आकडे म्हणायचो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, साखर-बटाटा बंद केला आणि म्हणाले, "वजन उतरवा, गुरुजी. नाहीतर सुईवर यावं लागेल."

त्या शेवटच्या वाक्यानं मी हादरलो. वजन उतरवायचं, मग काहीही होवो.

आमच्या चाळीत दोन घरं सोडून एक दादा राहायचे. रेल्वेत फिटर, पन्नाशीला आलेले, अंगानं काटक. दर रविवारी ते सायकलवर इगतपुरीला जाऊन यायचे. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "बरं वाटतं." मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मला न्याल का बरोबर? पोट उतरवायचंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सायकल आहे?"

"शाळेत जायची आहे."

"तीच आणा. आधी त्र्यंबक करू."

आजाराचं मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली. वडिलांचा रोग मला लागलाय, हे चाळीत कुणाला कळायला नको होतं.

त्र्यंबकच्या पहिल्या फेरीत मी अंजनेरीच्या चढावर उतरून ओकलो. दादा पुढे जाऊन थांबले होते. म्हणाले, "चढावर उठून पाय मारू नका. बसूनच मारा. श्वास मोजा, रस्ता मोजू नका." चार रविवारांनी त्र्यंबक जमलं. मग घोटी, मग इगतपुरी. पहाटे रोज शाळेआधी सिन्नरच्या रस्त्यावर एकट्याची फेरी वेगळी. उन्हाळा संपायच्या आत एका दिवसात मालेगाव गाठून परत यायचं, असं दादांनी ठरवलं. दोनशे किलोमीटरच्या वर जात होतं. ते अंतर मला देवासारखं वाटायला लागलं. ते झालं की आजार मागे पडेल, अशी मी मनाशी गाठ बांधली.

आणि वजन खरंच उतरत होतं. स्टेशनवर तिकीट देणारा वजनकाटा होता, त्यावर दर आठवड्याला चढायचो. ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एक्क्याऐंशी. शाळेत सगळे म्हणायचे, "गुरुजी, तुम्ही तर तरुण झालात." मला वाटलं, सायकल हेच माझं औषध. मग गोळ्या कशाला? आधी अर्धी घेऊ लागलो, नंतर सोडूनच दिली.

त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं होत होत ते विटेसारखं लाल झालं, तर साखर फार. मी न्हाणीघराचं दार लावून तपासायचो. एका सकाळी नळी विटकरी झाली. मी ती मोरीत ओतली, धुतली आणि बाहेर येऊन बायकोला सांगितलं, "हिरवट आहे. बरं आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विटकरी. त्यानंतर मी तपासायचंच बंद केलं, पण रोज "हिरवट" म्हणत राहिलो.

तहान भागत नव्हती. वर्गात तासाला दोनदा माठाकडे जायचो. पोटऱ्यांत गोळे यायचे. फळ्यावरची अक्षरं धूसर दिसायची. हे सगळं उन्हानं होतंय, असं मी स्वतःला बजावायचो. थकवा जास्त वाटला की त्या दिवशी आणखी दहा किलोमीटर वाढवायचो. दमलो म्हणजे कमी पडलो, आणि कमी पडलो म्हणजे सुई. माझ्या डोक्यात एवढाच हिशेब होता. पॅन्ट नाडीनं बांधावी लागत होती. वजन सत्तरवर आलं तेव्हा मी स्टेशनवरून शीळ घालत घरी आलो.

बायको उंबऱ्यात बसली होती. हातात गोळ्यांची बाटली.

"अहो, ही संपत कशी नाही?"

मी चप्पल काढायला खाली वाकलो.

"सकाळी न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागलीये. मी मूर्ख नाही." तिनं बाटली माझ्यापुढे धरली. "सासऱ्यांचा पाय मी बघितला नाही, पण तुम्ही सांगितलंय ना मला सगळं? मला तेच बघायला लावायचंय का तुम्हाला?"

त्याच दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी उकळली, माझी जीभ बघितली, दंड चाचपला. मी म्हणालो, "पण बावीस किलो उतरलंय, डॉक्टर."

"गुरुजी, ती चरबी उतरली नाही. साखर अंगी लागत नव्हती म्हणून शरीर स्वतःलाच खात होतं. तुम्ही सायकल मारत होतात आणि आतून विरघळत होतात." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "आजपासून इन्सुलिन."

बाहेरच्या बाकावर बसून मी रडलो. पेशंट बघत होते, तरी आवरेना. ज्या अभिमानावर चार महिने जगलो, तो आजारच निघाला होता. बायको शेजारी बसून होती. तिनं माझी समजूत काढली नाही. रडू ओसरल्यावर एवढंच म्हणाली, "सुई मी देईन. डॉक्टरांकडून शिकून घेते."

ती रोज सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून बरणीत घालून माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवायची. मी मांडी पुढे करायचो आणि भिंतीकडे बघायचो. शाळेतून आलो की पडून राहायचो. सायकलवर धूळ बसली. अंगात ताकद येत होती, वजन वाढत होतं, आणि प्रत्येक वाढत्या किलोगणिक मला हरल्यासारखं वाटायचं. वडिलांचं बोलणं कानात असायचं. काही दिवस तर असं वाटलं की मालेगावच्या रस्त्यावर एखाद्या ट्रकखाली गेलो असतो तर सुटलो असतो. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

बायकोनंच दादांना जाऊन सगळं सांगितलं. ते संध्याकाळी आले, बसलेही नाहीत.

"एवढा आजार घेऊन माझ्यामागे सायकल मारत होतात? घाटात पडला असतात तर मी वहिनींना काय तोंड दाखवलं असतं?"

"तुम्ही नेलं नसतं."

"नेलं असतं! हळू नेलं असतं."

त्यांचा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता हे पुन्हा येणार नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी ते पाने-पक्कड घेऊन आले आणि माझ्या सायकलची चेन साफ करत बसले.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इन्सुलिन घेऊन इतकी सायकल चालवणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. नीट खाऊन निघा, नाहीतर साखर एकदम खाली येऊन शुद्ध जाईल. खिशात गूळ ठेवा आणि एकटे जाऊ नका."

हिवाळ्यात आम्ही मालेगावला निघालो. मी शिकलो काहीच नव्हतो. वजन पुन्हा चढतंय या भीतीनं निघताना अर्धीच भाकरी खाल्ली. पिंपळगाव मागे पडलं आणि मला दादांचा राग यायला लागला, विनाकारण. त्यांना पुढे जाऊ दिलं. चांदवडच्या अलीकडच्या चढावर हात थरथरायला लागले, घामानं सदरा चिंब झाला. खिशात गूळ होता. खिसा कुठे आहे, हेच आठवेना. सायकलसकट रस्त्याच्या कडेला पडलो.

माणसं जमल्याचं कळत होतं. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी ढोसून आलाय."

"नाय, दारूचा वास नाय," एका बाईचा आवाज आला. "लय घाम सुटलाय. कायतरी होतंय याला."

तेवढ्यात दादा मागे फिरून आले. त्यांनी माझा जबडा दाबून गुळाचा खडा गालात कोंबला. मी त्यांना शिवी दिली म्हणे. मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं त्या बाईच्या मांडीवर होतं, आणि ती कांद्याच्या शेतातल्या मातकट हातानं माझं तोंड पुसत होती. एसटीच्या टपावर सायकली चढवून आम्ही परतलो.

एका दिवसात मालेगाव आणि परत, हे माझ्या हातून कधीच झालं नाही. पुढच्या वर्षी दोन दिवसांत झालं. पोटभर खाऊन निघालो, दर तासाला थांबलो, वजन तेव्हा ऐंशी होतं. मालेगावच्या मुक्कामानंतर सकाळी सुई घ्यायची होती आणि सिरिंज उकळायला जागा नव्हती. यंत्रमागांची खडखड चालू असलेल्या एका गल्लीत चहाच्या दुकानापुढे आम्ही उभे होतो. दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं असतं, पण ते थांबले. मीच पुढे झालो.

"चाचा, थोडं पाणी उकळून द्याल? मला मधुमेह आहे. इंजेक्शन घ्यायचंय."

परक्या माणसासमोर तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. चाचांनी काहीच विचारलं नाही. एक पातेलं विसळून स्टोव्हवर चढवलं, बाकावर बसलेल्या दोघांना उठवलं आणि ती जागा फडक्यानं पुसून मला दिली.