विकायला नसलेलं मळणीयंत्र

निवृत्तीनंतर पुष्कळ गोष्टी विसरलो, पण पनागरची मळणीयंत्राची ती घटना आजही कालच्यासारखी आठवते.

जबलपूरजवळच्या पनागर भागात मी ठाणेदार होतो. गव्हाच्या मळणीत एका मजुराचा हात यंत्रात गेला आणि बोटं तुटली. यंत्र नवंकोरं, वर चाचणी केंद्राचे पाच तारे. हे केंद्र शेतीची यंत्रं चालवून बघतं, काम, डिझेल आणि सुरक्षितता तपासून तारे देतं. शेतकरी ते तारे बघूनच यंत्र घेतात. त्यामुळे तारे पैसे घेऊन दिले अशी गावभर बोंब झाली. तपासणी करणारी इंजिनिअर जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहणारी, मूळ विदर्भाकडच्या घरातली. केंद्राने तिला निलंबित केलं आणि तक्रारीत पहिलं नाव तिचंच आलं. दोष सिद्ध झाला असता तर नोकरीही गेली असती आणि तुरुंगही होता.

जबाब घेताना ती म्हणाली, "सर, मी लाच काहून घेईन? मी तपासलेल्या मशीनमध्ये हात आतल्या फिरत्या ड्रमपर्यंत पोचतच नव्हता. हे मशीन ते नाही."

"आरोपी सगळे असंच बोलतात."

"मग माझं नका ऐकू. मोजून पाहा ना."

खोटं बोलणारा माणूस ठाण्यात आला की आधी ओळखी सांगतो. हिने एकही सांगितली नाही. मला तिचं पटलं, पण नुसत्या पटण्यावर केस उभी राहत नाही.

मग एक मटारवाला शेतकरी आला. खुर्चीत बसायला तयार नाही, दारातूनच म्हणाला, "साहब, वो सेठ दुकान के आगे हमेशा एक ही मशीन चलाकर दिखाता है. मैंने कहा, यही दे दो. ज़्यादा दाम बोला, तब भी नहीं दी."

माझे कान टवकारले. अपघातातलं यंत्र याच शेठचं; तो यंत्रं स्वतःच बनवायचा आणि स्वतःच विकायचा. चढी किंमत मिळत असताना माल न विकणारा व्यापारी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

पंच सोबत घेऊन दुकानासमोरचं ते यंत्र आणि गोदामातलं एक नवं यंत्र जप्त केलं. दोन्ही ठाण्याच्या आवारात ट्रॅक्टरला जोडली. शेठला म्हटलं, "पेंढी तुम्ही घाला."

"चलो, इसमें क्या है," म्हणत त्याने पहिल्या यंत्रात मजेत पेंढी सरकवली. दुसऱ्यापाशी मात्र पाऊल अडलं. "ये मेरा आदमी डाल देगा, साहब."

"आदमी नाही शेठ. तुम्हीच घाला."

शेठ घामाघूम झाला. मी दोन्ही यंत्रं बंद करायला लावली. जे हवं होतं ते त्याच्या तोंडावर दिसलं होतं.

इंजिनिअरला बोलावलं. तिने पंचांसमोर टेप लावला. पेंढी आत सरकवायची पत्र्याची नळी नव्या यंत्रात चांगली वीतभर आखूड निघाली. मग तिने दुकानातल्या यंत्राच्या सांगाड्यावरचा रंग खरवडला. खाली केंद्राने ठोकलेला चाचणीचा क्रमांक स्वच्छ दिसला. चाचणीला एक यंत्र नीट बनवून पाठवायचं आणि विकायची दुसरीच, असा सगळा डाव. पत्रा वाचवायला केलं, असं शेठने कबूल केलं. मला असा संताप आला की मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो, मगच अटकेचा पंचनामा लिहायला बसलो.

ती सन्मानाने कामावर परतली. केंद्राच्या वरिष्ठांशी भांडून तिने नियमच बदलून घेतला. आता कारखानदाराने धाडलेलं यंत्र तपासत नाहीत, केंद्राचा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखा जाऊन दुकानातून उचलतो. शेठची विकलेली यंत्रं परत आणवून त्यांच्या नळ्या लांब करून घेतल्या, तेव्हा ती प्रत्येक गावी जातीने उभी राहिली.

चोर सापडला की काम संपलं, असं आम्ही पोलीस समजतो. या पोरीमुळे मला कळलं की खरं काम त्यापुढचं असतं. पुढच्या हंगामात पनागरभर मळण्या झाल्या आणि हात गेल्याची एकही तक्रार माझ्या ठाण्यात आली नाही. नोकरीत शाबासक्या बऱ्याच मिळाल्या, पण त्या न आलेल्या तक्रारीइतका अभिमान मला कशाचाच वाटत नाही.