राखेनं घासलेला शनीचा धूर

ये गं बाई, या कागदाजवळ कान आण, आधी तो पिळू दे. चार पानांचं पत्र लिहितेस, त्यात खाणावळीच्या पातळ वरणाला दोन पानं. आणि शनीच्या मोठ्या चंद्रावरचा तपकिरी धूर तुम्ही प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात बनवता, हे सर्वांत शेवटी! अगं, तो धूर आपल्या घरात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच निघाला. यंत्र मी फिरवत होते.

मी लग्न होऊन आरमोरीला आले तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि तुझे आजोबा शाळेत मास्तर. त्या चंद्राच्या हवेत दलदलीतल्या वायूसारखा वायू आहे, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावाच्या बोडीत, तळ्याच्या गाळात. ते काठीनं गाळ ढवळायचे, मी पाण्यात पालथ्या धरलेल्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत बुडबुडे पकडायची. धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, "काऊन वो बाई, मास्तरानं मासे सोडून बुडबुडे धराले लावलं काय?"

बूच पाण्याखालीच लावलं. हवा शिरली तर भडका. बुचातून दोन तारा आत, आणि बाहेर लाकडं वाहणाऱ्या लॉरीचा मोडीतला मॅग्नेटो. त्याचा दांडा फिरवला की आत ठिणगी पडे. तिकडं ऊन त्या वायूचा जो धूर करतं, तो इथं ठिणगीनं करायचा. दांडा माझ्याकडे, कारण जात्याचा हात माझा. सकाळी ज्वारीचं दळण झालं की शनीचं दळण. सासूबाई म्हणायच्या, "लोक शनीले तेल वाहून दूर ठेवते, आमच्या पोरानं घरात आणून बसवला!" आणि शनिवारी बरणीपुढे गुपचूप काळे तीळ ठेवायच्या.

हेडमास्तरांनी सांगितलं होतं, काही दिसलं तर शाळेची रिकामी कोठी प्रयोगांना देतो, नाही तर हा खेळ बंद. रविवारी ते येणार. त्या सकाळी आजोबांनी अंगणात वायू सोडून दिला, बरणी मोरीपाशी ठेवली आणि त्यांना आणायला गेले. मी वाकून पाहिलं. धूर कुठं दिसेना, बरणी मात्र आतून तपकिरी, चिकट. पाहुणा येणार आणि अशी बरणी? घेतली राख, घासली लख्ख.

आजोबांनी ती उजेडात धरली आणि डोळा लावून आत पाहिलं. "कोणं धुतली हे?"

"मी. घाण होती आतून."

"अवं, तोच तर धूर होता!"

हेडमास्तर उठायलाच लागले. तेवढ्यात आठवलं, सासूबाई रोज ओरडतात, "बरणीच्या खांद्यात तुहा हात कधी पोचतच नाई!" धावत जाऊन निंबाची काडी आणली आणि गळ्याखाली आतून फिरवली. टोकाला डांबरासारखं काहीतरी लागलं.

हेडमास्तरांनी वास घेतला. "मास्तर, शनीच्या चंद्रावर डांबर पोचलं. आपल्या आरमोरीच्या रस्त्यावर कवा येईल?"

सोमवारी कोठीची किल्ली मिळाली. सासूबाई गावभर सांगत फिरल्या, "माह्या सुनेच्या आळसावर शाळा चालली!"

बरणी अजून फळीवर आहे. खांद्यातलं उरलंसुरलं मी आजवर धुतलं नाही. पण भांडी घासायला नवी बाई आली आहे, कामाची मोठी चोख, आणि तिचा हात फार बारीक आहे. तेव्हा परीक्षा-बिरीक्षा आटप आणि लवकर ये गं.