कॉटनचं माहेर

आमच्याकडे नवीन माणूस भेटला की नाव नंतर, गाव आधी विचारतात. बाई असेल तर दोन गावं, माहेर आणि सासर. अमरावतीच्या ज्या शाळेत मी वीस वर्षं इंग्रजी शिकवते, तिथे ही सवय मी शब्दांना लावली. नववीच्या वर्गात मागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचं माहेर. ‘स्कूल’चं माहेर ग्रीक आणि तिथे त्याचा अर्थ फुरसत, हे कळलं तेव्हा वर्ग आठवडाभर हसत होता. ‘मंगूस’ तर सरळ आपल्या मुंगसावरूनच गेलेला.

“म्हणजे इंग्रजांले मुंगूस आपण देल्लं?” एका मुलीने विचारलं.

“शब्द दिला. मुंगूस इथेच आहे.”

तक्त्याचा नियम एकच. ज्याने चुकीचं माहेर लिहिलं, त्याने सगळ्यांसमोर लाल पेनने ते खोडायचं, बरोबर लिहायचं आणि जागेवर बसायचं. माफी नाही, रडणं नाही.

तक्त्यावरचा पहिला शब्द माझ्या अक्षरात होता. कॉटन, माहेर मराठी, ‘कातणे’.

हे मला माझ्या वडिलांनी सांगितलेलं. बाबा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, चाळीस वर्षं फिटर होते, शिक्षण सातवी. त्यांची गोष्ट अशी, की इंग्रज पहिल्यांदा वऱ्हाडात आला, सूत काढत बसलेल्या बाईला त्याने विचारलं, हे काय? बाई म्हणाली, कातून राहिली. झालं, साहेबाने कॉटन लिहून घेतलं. लग्नात, पानठेल्यावर, दवाखान्याच्या रांगेत, बाबांनी ती कुठे सांगितली नाही ते विचारा. लहानपणी ती ऐकूनच मला वाटलं की इंग्रजी काही परक्याची नाही, आपलाही त्यात वाटा आहे. मी इंग्रजीची शिक्षिका झाले त्याला ती गोष्ट बरीचशी कारण आहे. पोरांना मी एकेका शब्दासाठी डिक्शनरी उघडायला लावते. हा एक शब्द मात्र वीस वर्षांत मी स्वतः कधी तपासला नाही.

या जानेवारीत मी बाबांना वर्गात बोलावलं. निम्म्या मुलांच्या घरी कापूस येतो, पण पुढे त्याचं काय होतं हे कोणी पाहिलेलं नव्हतं. बाबांनी शर्ट इस्त्रीला टाकला आणि सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं. सुरुवात कातणाऱ्या बाईपासून होणार हे उघड होतं. शनिवारचा दिवस ठरला.

मुंगसाचं विचारणारी तीच मुलगी गुरुवारी मोठी डिक्शनरी छातीशी धरून आली. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम तिच्याकडे होतं.

“मॅडम, यात कॉटन अरबी दाखवून राहिलं.”

“नीट पाह.”

“तीनदा पायलं.”

मी पाहिलं. अरबी ‘कुत्न’, तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी. कातण्याचा कुठेही संबंध नाही.

“लाल पेन आणू काय?” तिने विचारलं. मागून दोन-तीन जणी फिसकन हसल्या.

“शनिवारी,” मी म्हटलं.

आता गप्प बसून बाबांना बोलू दिलं असतं, तर चाळीस मुलं तोंड दाबून हसली असती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याची एसटी धरली, आणि चहा व्हायच्या आत सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, “अरब काय कापूस पिकवत होते?”

“व्यापार करत होते. त्यांचं नाव पुढे गेलं.”

“म्हणजे माल कोनाचाबी असो, नाव व्यापाऱ्याचं.” त्यांनी कप बशीत ठेवला. “मंग मी येऊन काय सांगू? इंग्रजीतलं एवढं एकच तर येत होतं मले.”

“जीनचं सांगा.”

“जीनचं काय सांगाचं? मशीनचं नाव हाये ते.”

त्यांची समजूत काढावी म्हणून नाही, डिक्शनरी उघडीच होती म्हणून मी तोही शब्द पाहिला होता. ‘जीन’ हा ‘इंजिन’चाच तुटलेला तुकडा. दोघांचं माहेर लॅटिन, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ माणसाची उपजत अक्कल, कसब. हे मी त्यांना सांगितलं.

“पक्कं? का हेबी माह्या गोष्टीवानीच?”

“दोन डिक्शनऱ्यांत पाहिलं.”

“तिसरीत पाह्य.”

मी फोनवर तिसरी काढून दाखवली. येणार का म्हणून विचारलं, तर म्हणाले, सकायी पाहू. सकाळी सहाला मी परत निघाले, तर इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात उभे होते.

वर्गात पाऊण तास बोलले. रोलर आणि पात्यामधलं अंतर कसं जमवायचं, सरकी फुटायला लागली की मशीनचा आवाज कसा बदलतो, आणि तो आवाज घरी झोपेत असतानाही कसा ऐकू यायचा. कोणी हललं नाही. मग ते स्वतःच तक्त्यापाशी गेले आणि कॉटनवर बोट ठेवलं.

“हे चूक हाये. आना पेन.”

“आजोबा, ज्यानं लिवलं त्यानंच खोडाचं असते,” ती मुलगी उठून म्हणाली. “नियम हाये.”

“लिवलं हिनं, सांगतलं म्या.”

“मंग मॅडमनंच खोडाचं.”

मी उठले, खोडलं, अरबी लिहिलं आणि बसले. बाबांनी पेन माझ्या हातातून घेतलं. खाली जागा पाहून, मशीनच्या प्लेटवर असतात तशा मोठ्या सरळ अक्षरांत त्यांनी इंग्रजीतून जीन लिहिलं. समोर मराठीत, लॅटिन, आणि त्यापुढे, अक्कल.

“आजोबा, अक्कल मशीनची का माणसाची?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

“मशीन बंद पडली का समजते, कोनाची ते.”

आता मोहल्ल्यात बाबा नवी गोष्ट सांगतात. जुनीही सांगतात, पण ती खोटी आहे हे आधी सांगून. नव्या गोष्टीनंतर कोणी शंका काढलीच, तर तीन बोटं वर करतात. तीन डिक्शनऱ्यांत पाह्यलं.