मावशीची पितळी वज्री

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा आधी रडू आलं नाही, राग आला. तो माणूस चांदवडला धडधाकट आणि आमची निर्मलामावशी त्याच्याआधी गेली... तो माणूस म्हणजे तिचा नवरा. मी त्याला काका म्हणत नाही, इथेही म्हणणार नाही. माणूस गेलं की मागचं सगळं विसरावं, असं सांत्वनाला आलेले म्हणत होते. ज्यांना विसरणं सोयीचं असतं, त्यांनी खुशाल विसरावं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तिला दिवाळीसाठी नाशिकला माहेरी आणून सोडलं, ते न्यायला आलाच नाही. दुसरी बायको केली आणि मावशीची लग्नातली पितळी भांडी टेम्पोने परत पाठवली. आजोबांच्या फुलांच्या मळ्यात ती भांडी ओट्यावर पडून असायची. प्रत्येकावर दोघांची नावं कोरलेली, शेजारी शेजारी. येणारी-जाणारी ती वाचायची आणि हळहळायची. मावशी तिथेच झेंडूचे हार ओवत बसलेली असायची आणि सुई अशी खुपसायची की फुलाची दया यावी.

मी तेव्हा एका कलावर्गात धातूचं ओतकाम शिकत होते. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. पितळ ज्याने त्याने घरून आणायचं, हा सरांचा नियम. हे कानावर पडलं आणि मावशी दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर वर्गात हजर! पिशवीत तांब्या आणि करवत. तांब्यावरचं स्वतःचं नाव तिने कापून बाजूला ठेवलं.

"अहो, अख्खाच टाका की," सर म्हणाले.

"माझं नाव कशाला जाळू, सर? मी काय केलंय?"

बाकी सगळ्यांनी गणपती केले. मावशीने केली टाचा घासायची वज्री. खाली खरखरीत तळ आणि वर धरायला नवऱ्याचं डोकं, भांगासकट, मिशीसकट. पहिल्यांदा साचा ओलसर राहिला, पितळ उसळलं आणि चेहरा अर्धाच आला. सरांना तोही आवडला, राहू द्या म्हणाले.

"नाय सर. तोंड सगळं आलं पाहिजे. ओळखू आलं पाहिजे."

पुन्हा मेण, पुन्हा साचा, पुन्हा भट्टी... शेवटी आलं तोंड. हुबेहूब आलं.

मग पुढची सगळी वर्षं ती त्याला मुठीत धरून टाचा घासत राहिली. "एकदा त्याच्या हातात द्यायची हाय गं," म्हणायची. एवढीच तिची इच्छा. तो कधी फिरकलाच नाही.

दहाव्याला मात्र आला. घाटावरून परतलेली माणसं अंगणातल्या नळावर पाय धूत होती. मी आत जाऊन वज्री आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो दगडावर टेकला, डाव्या टाचेची धूळ घासू लागला.

"लय जड हाय. कुणाचं तोंड हे, पोरी? देवाचं का?"

"नाही, तुमचं. मावशीने केलंय. तुमचं नाव होतं ना भांड्यांवर, त्याच पितळाचं."

त्याने ती फिरवून पाहिली. भांग पाहिला, मिशी पाहिली. मग खाली ठेवली, उजवा पाय तसाच मळका चपलेत घातला आणि फाटकाकडे चालू लागला.

आता रोज सकाळी ती वज्री मी वापरते. घासताना मावशीचा हात हलका होता. माझा नाही.