लिफ्टपासून नऊ पायऱ्या

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर पायऱ्या होत्या. वर जाणाऱ्या. मी मोजल्या, नऊ.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. व्हीलचेअरवर नवी साडी नेसलेल्या देवरे वहिनी, मागे खुर्ची धरून देवरे सर, आणि कोपऱ्यात अंग चोरून मी. वरून वास्तुशांतीच्या गुरुजींचा आवाज येत होता, "यजमानांना बोलवा, उशीर होतोय."

"साहेब, मजला चुकला का?" सरांनी विचारलं.

बटण दोनचंच दाबलेलं होतं. मजला चुकला नव्हता. चुकलो होतो मी.

मी सिव्हिल इंजिनिअर. नाशकात अठ्ठावीस वर्षं घरांचं व्हॅल्युएशन करतोय. म्हणजे घर बघायचं, मोजायचं, बांधकामाची तब्येत तपासायची आणि त्याची किंमत किती धरावी हे लिहून द्यायचं. बँका कर्ज देण्याआधी माझा रिपोर्ट मागतात. कधी कधी घर घेणारे स्वतःच येतात. "दोन घरं आहेत, कुठलं घेऊ?" असं विचारतात. देवरे सर असेच आले होते.

सर सटाण्याचे, शाळेतून निवृत्त झालेले. वहिनींना अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज फिजिओथेरपी करा, पहिलं वर्ष महत्त्वाचं, त्यात जेवढं परत येईल तेवढं खरं. रोज सटाण्याहून नाशिक काही जमण्यासारखं नव्हतं. म्हणून निवृत्तीचे सगळे पैसे घालून इथे घर घ्यायचं ठरलं. दोन घरं त्यांनी निवडली होती. इंदिरानगरमधलं एक जुनं रो हाऊस, तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे थोडी मोकळी जागा. दुसरा गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

"आम्हाला एकच बघायचंय, साहेब," सर म्हणाले होते. "हिला रोज खुर्चीवरून बाहेर नेता आलं पाहिजे. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

रो हाऊस बघायला मी स्वतः गेलो. चांगला तासभर घालवला. भिंतींवर हात फिरवला, हातोडीनं प्लास्टर ठोकून पाहिलं. मागच्या भिंतीत ओल सापडली, स्लॅबला एका ठिकाणी बारीक चीर होती, टाकीचं झाकण तुटलेलं होतं. सगळं लिहून काढलं. दीड पान झालं.

फ्लॅट बघायला मी गेलोच नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळे करतात. एखाद्या बिल्डिंगमधला एक फ्लॅट पूर्वी बघितला असेल, तर दुसऱ्याच्या वेळी जुनी फाइल उघडायची. फ्लॅट नंबर, मजला, एरिया बदलायचा आणि प्रिंट काढायची. ह्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मी दोन वर्षांपूर्वी बँकेसाठी पाहिला होता. तळमजल्याला कोण लिफ्टनं जातं? लिफ्टचं दार दिसलं, फॉर्ममध्ये "लिफ्ट: आहे" असं लिहिलं आणि घरी गेलो. ती लिफ्ट वर कुठे थांबते, हे फॉर्म विचारत नाही. मीही विचारलं नाही.

सरांनी फ्लॅट पाहिला होता, पण त्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीला होती, ते जिन्यानं गेले आणि वळणावरचं लिफ्टचं दार त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्यासमोर बसून त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली.

"खुर्ची वर जाईल ना, साहेब?"

"अहो सर, लिफ्ट आहे की! बिल्डिंग माझ्या पाहण्यातली आहे. डोळे झाकून घ्या."

सरांनी तिथूनच वहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं, "वर आंगण शे का?"

मी हसलो. म्हणालो, "वहिनी, अंगण नाही, पण बाल्कनी झकास आहे." बाल्कनीसुद्धा मी नकाशावरच पाहिली होती. त्यांना रो हाऊस हवं होतं, हे मला कळलं होतं. पण ओल, चीर, रीसेल व्हॅल्यू असं काय काय मी ऐकवलं आणि त्या बिचाऱ्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

तर ती लिफ्ट. जुन्या चार मजली इमारतींत कधी कधी लिफ्ट मजल्यावर थांबत नाही, दोन मजल्यांच्या मधल्या लँडिंगवर थांबते. जिना जिथे वळण घेतो तिथे. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. खुर्चीवरच्या माणसाला मात्र लिफ्ट असून नसल्यासारखी.

सर आणि वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच लिफ्टनं आले होते; घर वहिनींच्या चार भाच्यांनी लावलं होतं, ते खाली धावत आले. त्यांनी खुर्ची उचलली. तिसऱ्या पायरीवर एकाचा पाय सटकला, खुर्ची कलली आणि वहिनी "आई गं!" म्हणून ओरडल्या. डाव्या हातानं त्यांनी कठडा धरला, तो सोडेचनात. बोटं एक एक करून सोडवावी लागली. वर पोचल्या तेव्हा त्या रडत होत्या. पाहुणे बघत होते. आनंदाचा दिवस आणि ही अशी वरात.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायची लाज वाटते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "बिल्डरनं नकाशा बदललेला दिसतोय. मंजूर प्लॅनमध्ये असं नव्हतं."

अठ्ठावीस वर्षांची अब्रू वाचवायला एवढं एक वाक्य पुरलं. वर दोन वेळा वाढून घेऊन जेवलोसुद्धा.

सर सरळ माणूस. त्यांनी माझं वाक्य खरं धरलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चेअरमनकडे जाऊन भांडले. चेअरमननं कपाटातून मंजूर नकाशा काढून त्यांच्यापुढे पसरला. लिफ्ट मधल्या लँडिंगवर, पुढे नऊ पायऱ्या, सगळं रीतसर दाखवलेलं. त्याच नकाशाची कॉपी माझ्या फाइलमध्ये होती.

सर माझ्या ऑफिसात आले. आवाज चढवला नाही.

"साहेब, नकाशात पायऱ्या आहेत."

मी समोरची फाइल बंद केली.

"तुम्ही फ्लॅट बघायला गेलाच नव्हता का?"

"नाही, सर."

सर म्हणाले, "काल चेअरमनला मी वाट्टेल ते बोललो हो. त्याची माफी मागून आलोय." आणि उठून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उपाय मी शोधले, नाही असं नाही. रॅम्प करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. इथे चढ जवळजवळ पाच फूट, म्हणजे साठ फूट रॅम्प. लँडिंग होतं साडेचार फुटांचं. कठड्याला खुर्ची सरकवायचं मशीन बसवू म्हटलं, तर जिना अरुंद होतो म्हणून सोसायटीनं नकार दिला. त्यांचंही बरोबर होतं. इंदिरानगरला गेलो, तर रो हाऊस विकलं गेलेलं. नव्या मालकानं ओलीवर वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं, चीर भरली होती. आठ दिवसांचं काम. दीड पानांत मी एवढंच लिहिलं नव्हतं, की हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं.

वहिनींना रोज न्यायला माणसं लागायची. पहिला महिना भाचे आले. मग आठवड्यातून तीनदा, मग एकदा. मग वहिनीच म्हणायला लागल्या, नको, मला भीती वाटते. आठ महिन्यांनी सरांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि स्वतः तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

तिथे मी गेलो. वहिनींना मी स्वतः काहीच सांगितलं नव्हतं, ते सांगायला. समोर बसलो आणि बोललो. मी घर पाहिलं नव्हतं, वर खोटंही बोललो, माझं चुकलं. सर दुसरीकडे बघत होते.

वहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भाऊ. त्या दिवशी लिफ्ट उघडली ना, तेव्हा तुमचं तोंड पाहिलं होतं मी." मग म्हणाल्या, "मला राग आहे तुमचा. खोटं कशाला सांगू? पण चहा घेऊन जा."

हल्ली मी प्रत्येक घर जाऊन बघतो. लिफ्टनं शेवटच्या मजल्यापर्यंत जातो. धंद्यातल्यांना सांगतो, ज्या घराकडे नीट बघाल त्यात दोष सापडणारच, आणि जे बघणारच नाही ते बिनदोष वाटणार. दोन घरांची तुलना करायची तर दोन्ही बघा. एवढं साधं आहे, इंजिनिअर असण्याचीही गरज नाही.

फिजिओथेरपी आता पुन्हा रोज चालू आहे. मी डॉक्टरांना भेटून विचारलं, अजून किती फरक पडेल. ते म्हणाले, "पाय थोडाफार सुधारेल. हाताचं मात्र आता अवघड आहे. मधले महिने का हो घालवले?"

त्यांना वाटलं, मी घरातलाच कुणीतरी आहे.